निफ्टीचा १३ टक्क्यांचा दिवस म्हणजे १३ सिग्मा? मग टेल रिस्क (क्वचित येणाऱ्या प्रचंड हालचालीचा धोका) मोजायची तरी कशी?

गोदाकाठचा_ट्रेडर

नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक होणार आहे पण वाचा, खरा प्रश्न शेवटी आहे.

मी नाशिकला असतो, नोकरी सांभाळून निफ्टीचे वीकली ऑप्शन विकतो, बहुतेक वेळा स्ट्रँगल, म्हणजे वर लांबचा एक कॉल आणि खाली लांबचा एक पुट (निफ्टी ठरलेल्या भावाच्या, म्हणजे स्ट्राइकच्या, वर गेला तर कॉलचा आणि खाली गेला तर पुटचा फरक मी द्यायचा, बदल्यात आधी प्रीमियम मिळतो). आता मला माझ्या पोझिशनची रिस्क अंदाजपंचे न बघता आकड्यात बघायचीये म्हणून पुस्तकातली पद्धत घेतली. इंडिया व्हिक्स (निफ्टी वर्षाच्या हिशोबाने किती टक्के हलेल याचा बाजाराचा अंदाज) १६ असेल तर त्याला वर्षातल्या साधारण २५२ ट्रेडिंग दिवसांच्या वर्गमुळाने भागायचं, की रोजचा सिग्मा (नेहमीच्या हालचालीचं माप) १ टक्का येतो. त्यावरून, नॉर्मल कर्व्ह (घंटेच्या आकाराचा आलेख) धरून, ९९ टक्क्यांचा व्हार (व्हॅल्यू ॲट रिस्क) म्हणजे २.३३ टक्के. म्हणजे शंभरातले ९९ दिवस निफ्टी यापेक्षा जास्त पडणार नाही. इथपर्यंत छान वाटतं.

पण मग जुने दिवस काढून बघितले. २३ मार्च २०२० ला निफ्टी १,१३५ पॉइंट पडून ७,६१० ला बंद, जवळपास १३ टक्के. त्याच्या आधी १२ मार्चला ८.३ टक्के. १७ मे २००४ ला सेन्सेक्स ११ टक्क्यांच्या वर पडला, २४ ऑक्टोबर २००८ ला पुन्हा जवळपास ११. आणि फक्त पडायचंच नाही, १८ मे २००९ ला निफ्टी एका दिवसात १७.७ टक्के वर! मागे ४ जून २०२४ ला निकालाच्या दिवशी ५.९ टक्के खाली, तेही आदल्याच दिवशी एक्झिट पोलवर सव्वातीन टक्के चढल्यावर.

आता १ टक्का सिग्मा धरला तर १३ टक्के म्हणजे १३ सिग्मा. नॉर्मल कर्व्हच्या टेबलात ५ सिग्माची पडझड साधारण ३५ लाख दिवसांतून एकदा म्हणजे १४ हजार वर्षांत एकदा येते, १३ सिग्माला तर विश्वाचं वयसुद्धा पुरणार नाही. आणि आपण गेल्या २०-२२ वर्षांत असले दिवस हाताच्या बोटांवर मोजतोय.

तर प्रश्न असे: १) सिग्मा चुकतोय का नॉर्मल कर्व्ह चुकतोय का दोन्ही? २) व्हार फेकून द्यायचा का? ३) ऑप्शन विकणाऱ्या साध्या माणसाने रोज सकाळी नेमका कुठला आकडा बघायचा? प्लीज कोणीतरी आकड्यांसकट सांगा, "रिस्क है तो इश्क है" वाले रिप्लाय नकोत.

---

मार्केट_रिस्कवाली

दादा, प्रश्न एकदम योग्य आहे. मी मुंबईत एका बँकेच्या मार्केट रिस्क डिपार्टमेंटला आहे, रोजचं कामच हे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दोन्ही चुकतंय, पण दोन्हीचा वाटा वेगवेगळा काढता येतो आणि तो काढायलाच हवा. आधी सिग्मा. तुम्ही सिग्मा १ टक्का धरला तो शांत बाजाराचा. पण २३ मार्च २०२० च्या आदल्या शुक्रवारी बाजार शांत होता का? नव्हता ना. बाजाराचा स्वभावच असा की मोठ्या हालचालीच्या मागे मोठीच हालचाल येते, वर का खाली ते सांगता येत नाही पण मोठी येते. म्हणून सिग्मा रोज बदलता ठेवायचा. सगळ्यात सोपी रीत म्हणजे ईडब्ल्यूएमए: कालच्या सिग्माच्या वर्गाला ०.९४ ने गुणा, कालच्या हालचालीच्या वर्गाला ०.०६ ने गुणा, दोन्हीची बेरीज करून वर्गमूळ काढा, झाला आजचा सिग्मा. जेपी मॉर्गनने १९९४ मध्ये रिस्कमेट्रिक्स काढलं त्यातला हा ०.९४, आणि आपल्याकडे इंडेक्स फ्युचर्स सुरू व्हायच्या आधी प्रा. जयंत वर्मांच्या समितीने १९९८ मध्ये मार्जिनसाठी (पोझिशन ठेवायला भरायची अनामत) हाच आकडा सुचवला होता.

आता हातानेच करून बघू. १२ मार्चच्या सकाळी सिग्मा पावणेदोन टक्के धरा (९ मार्चला निफ्टी जवळपास ५ टक्के पडला होता त्यामुळे तो आधीच वाढलेला). १२ ला ८.३ पडला, सिग्मा झाला २.६५. १३ ला सकाळीच लोअर सर्किट (१० टक्के पडल्यावर बाजार आपोआप थांबतो ते) लागून ४५ मिनिटं बाजार बंद, पण मग उलटा फिरून ३.८ वर बंद झाला, सिग्मा २.७३. सोमवारी १६ ला ७.६ खाली, सिग्मा ३.२४. १७ ला २.५ खाली, १८ ला ५.६ खाली, १९ ला २.४ खाली, २० ला ५.८ वर. या सगळ्यातून २३ च्या सकाळचा सिग्मा येतो साधारण ३.५४ टक्के.

तेरा भागिले ३.५४, म्हणजे ३.७ सिग्मा.

बघा, तेराचे पावणेचारच्याही आत आले, काहीही भारी गणित न वापरता. नॉर्मल कर्व्हवर ३.७ सिग्माची घसरण ३५-४० वर्षांतून एकदा येते, म्हणजे दुर्मिळ आहे पण विश्वाच्या वयापर्यंत जायची गरज नाही.

पण लगेच खूश होऊ नका. तोच हिशोब १२ मार्चला लावा: ८.३ भागिले १.७५, म्हणजे पावणेपाच सिग्मा, ते नॉर्मलवर साडेतीन हजारांहून जास्त वर्षांतून एकदा. म्हणजे सिग्मा रोज नवा काढला तरी पहिला धक्का पकडता येत नाही. तो जो उरतो ती खरी जाड शेपटी, म्हणजे मोठ्या हालचाली नॉर्मल कर्व्ह सांगतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा येणं. तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं की २३ मार्चचा मोठा भाग सिग्माच्या चुकीचा होता आणि १२ मार्चचा मोठा भाग नॉर्मल कर्व्हच्या चुकीचा.

---

बदला_ते_बोल्ट

रिस्कवाली ताईंनी छान समजावलंय. मी फोर्टात ब्रोकरच्या ऑफिसात उभी हयात काढलेला माणूस, गणित माझा प्रांत नाही, पण त्या दिवशी प्रत्यक्ष काय होतं ते एक्सेलमध्ये दिसत नाही म्हणून लिहितो.

२८ एप्रिल १९९२. हर्षद मेहताचं प्रकरण पेपरात येऊन जेमतेम आठवडा झालेला. सेन्सेक्स ५७० पॉइंट पडला, पावणेतेरा टक्के. तेव्हा इंडेक्सचं सर्किट नव्हतं, स्क्रीन नव्हती, बोल्ट, म्हणजे बीएसईची स्क्रीनवरची खरेदी-विक्री, आलं १९९५ ला, त्याआधी सगळं रिंगमध्ये उभं राहून ओरडून. विकणारे सगळे, घेणारा नाही. त्या दिवशी "भाव" म्हणून जो छापला गेला त्या भावाला तुमचा माल गेला असताच असं कोणी सांगू शकत नाही.

आता सर्किट आहे, सेबीने २००१ पासून १०-१५-२० टक्क्यांचं बसवलंय. दुपारी एकच्या आत १० टक्के लागलं तर ४५ मिनिटं, एक ते अडीचमध्ये लागलं तर १५ मिनिटं, अडीचनंतर लागलं तर थांबत नाही. २० टक्के लागलं की त्या दिवसाचा खेळ खलास. लोकांना वाटतं सर्किट म्हणजे संरक्षण. घेऊन बसलेल्याला थोडा श्वास मिळतो हे खरं, पण विकून बसलेल्या ऑप्शनवाल्याच्या दृष्टीने सर्किट म्हणजे बाहेरून कुलूप. १८ मे २००९ आठवा. शनिवारी निकाल लागला, यूपीए स्पष्टपणे पुढे, सोमवारी बाजार उघडताच अप्पर सर्किट, मधे बंद, परत उघडला की पुन्हा सर्किट आणि दिवसभरासाठी बंद. ज्यांनी शुक्रवारी कॉल विकून ठेवले होते त्यांना भाव दिसत होता पण बाहेर पडायला दारच नव्हतं. १७ टक्के उलट गेलं आणि मधे एका पॉइंटलाही कट करायची संधी नाही.

म्हणून भावा, तू स्ट्रँगलमध्ये फक्त खालच्या बाजूचा विचार करत असशील तर वरची बाजूही तेवढीच गंभीरपणे बघ. निफ्टीच्या इतिहासातली सगळ्यात मोठी एकदिवसीय टक्केवारी वरच्या बाजूची आहे.

---

सांगलीकर_सीए

मला एक कळत नाही, एवढं सगळं कशाला? स्टॉपलॉस लावा ना. प्रीमियम दुप्पट झाला की बाहेर. माझे क्लायंट असेच करतात, व्हार न् सिग्मा कशाला पाहिजे.

---

बदला_ते_बोल्ट

सीए साहेब, स्टॉपलॉस हा ऑर्डर आहे, हमी नाही. बाजार ज्या भावाला थांबत थांबत जातो तिथे तो चालतो. रविवारी २२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यू झाला, राज्यं एकामागोमाग बंद होत गेली, सोमवारी बाजार शुक्रवारच्या भावाला उघडलाच नाही. उघडला तोच खाली, थोड्याच वेळात १० टक्क्यांचं सर्किट. तुमचा दुप्पट प्रीमियमचा स्टॉप ज्या भावाला लावलाय तो भाव त्या दिवशी आलाच नाही, थेट त्याच्या कैक पट आला. शेअरमध्ये तर आणखी. ७ जानेवारी २००९ ला सत्यमच्या अध्यक्षांचं घोटाळा कबूल करणारं पत्र बाहेर आलं आणि शेअर एका दिवसात पाऊणशे टक्क्यांहून जास्त पडला, एफ अँड ओ (फ्युचर्स-ऑप्शन) मधला शेअर, त्याला ठरलेलं सर्किटही नाही. कुठला स्टॉपलॉस?

स्टॉपलॉस लावूच नका असं नाही म्हणत मी. रोजच्या दोन-तीन टक्क्यांना तो उत्तम. पण इथे प्रश्न त्याच्या पलीकडचा विचारलाय.

---

थेम्सकाठी

मी लंडनला क्वांटचं (बाजाराच्या गणिताचं) काम करतो, मूळचा डोंबिवलीचा. वर ताईंनी "उरलेली जाड शेपटी" म्हटलंय तिच्यावर थोडं लिहितो कारण तिथेच खरी मजा आणि खरी अडचण दोन्ही आहेत.

नॉर्मल कर्व्हमध्ये ३ सिग्माच्या खाली जायची शक्यता आणि ६ सिग्माच्या खाली जायची शक्यता यांच्यात तेरा-चौदा लाख पटींचा फरक आहे. म्हणजे हालचाल दुप्पट झाली की शक्यता तेरा लाखांनी भागायची. खरा बाजार असा वागत नाही हे मँडेलब्रॉटने १९६३ मध्येच कापसाच्या भावांवरून दाखवलं होतं. शेअर बाजारांच्या बाबतीत नंतर जे पुष्कळ अभ्यास झाले त्यात शेपटी साधारण "घातांक ३" च्या आसपास निघते. याचा साधा अर्थ असा की हालचाल दुप्पट झाली तर शक्यता २ चा घन म्हणजे ८ ने भागायची. तेरा लाख कुठे आणि आठ कुठे!

हे निफ्टीवर उतरवा. ५ टक्के किंवा जास्त पडायचे जेवढे दिवस येतील, त्यांच्या साधारण अठरापैकी एक दिवस १३ टक्के किंवा त्याहून वाईट असेल, कारण १३ भागिले ५ म्हणजे २.६ आणि त्याचा घन साडेसतरा. असं बघितलं की २३ मार्च चमत्कार वाटत नाही.

घातांक काढायची रीतही अवघड नाही, एक्सेलमध्ये होते. वीस वर्षं म्हणजे पाचेक हजार दिवस, त्यातले सगळ्यात वाईट ५० घ्या. प्रत्येकाच्या नुकसानीला ५१ व्या क्रमांकाच्या नुकसानीने भागा, लॉग घ्या, पन्नासांची सरासरी काढा, मग १ ला त्या सरासरीने भागा. याला हिलचा एस्टिमेटर म्हणतात.

आता अडचण. पन्नास दिवसांवरून काढलेल्या आकड्याची चूक किती? घातांक भागिले पन्नासाचं वर्गमूळ, म्हणजे ३ आला तर चूक ०.४२, म्हणजे खरा आकडा २.२ ते ३.८ मधे कुठेही असू शकतो. "असू दे की" असं वाटेल, पण वरचंच गणित पुन्हा करा: २.२ असेल तर आठपैकी एक दिवस १३ टक्क्यांचा, ३.८ असेल तर अडतीसपैकी एक. जवळपास पाच पटींची तफावत, आणि ती वीस वर्षांचा डेटा हातात असून. त्यातही ते ५० दिवस स्वतंत्र नाहीत, त्यातले कितीतरी २००८ आणि २०२० च्या त्याच त्या काही आठवड्यांतले आहेत, त्यामुळे खरी चूक याहून मोठीच. पन्नासाऐवजी दोनशे दिवस घेतले तर चूक कमी होते पण मग ते दिवस शेपटीतले राहत नाहीत, मधल्या बाजारातले मिसळतात. यातून सुटका नाही, मी वर्षानुवर्षं हेच करतोय, मला कुठे सापडली नाही.

ही एक्स्ट्रीम व्हॅल्यूची (टोकाच्या, दुर्मिळ घटनांच्या गणिताची) शाखा फक्त बाजाराची नाही. १९५३ मध्ये समुद्राचं पाणी घुसून हॉलंडमध्ये हाहाकार झाला, त्यानंतर बंधारे किती उंच बांधायचे याचा हिशोब करताना याच प्रकारचं गणित वापरलं गेलं, दहा हजार वर्षांतून एकदा येणाऱ्या पाण्याचा अंदाज शेकडो वर्षांच्यासुद्धा नोंदी हातात नसताना करायचा होता.

---

गोदाकाठचा_ट्रेडर

वा, एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल सगळ्यांचे मनापासून आभार. हिलवालं आज रात्रीच करून बघतो.

@मार्केट_रिस्कवाली ताई, मग मी नॉर्मल सोडून हिस्टॉरिकल सिम्युलेशन केलं तर? म्हणजे मागचे ५०० दिवस घ्यायचे, वाईटाकडून क्रम लावायचा, पाचवा आकडा म्हणजे ९९ टक्क्यांचा व्हार. कर्व्ह मानायची भानगडच नाही. आणि हा एक्सपेक्टेड शॉर्टफॉल सगळीकडे वाचतोय, त्याने फरक पडतो का?

---

मार्केट_रिस्कवाली

हिस्टॉरिकल चांगलं आहे, बऱ्याच बँका तेच वापरतात, पण त्याची एक खोड माहीत असू द्या. २५० दिवसांची खिडकी घेतली तर २३ मार्च २०२० चा दिवस वर्षभर तुमच्या व्हारमध्ये बसून राहतो आणि मग मार्च २०२१ च्या शेवटी एका सकाळी खिडकीतून बाहेर पडतो. त्या दिवशी बाजारात काहीही झालेलं नसतं आणि तुमची रिस्क कागदावर धाडकन कमी होते. ५०० दिवस घेतलेत तर हेच दोन वर्षांनी. मी स्वतः प्रत्येक दिवसाच्या हालचालीला त्या दिवसाच्या ईडब्ल्यूएमए सिग्माने भागून घेते, मग त्या भागाकारांचा क्रम लावते आणि आजच्या सिग्माने गुणते. म्हणजे शेपटीचा आकार इतिहासातून येतो आणि बाजाराचा आजचा ताप आजच्या सिग्मातून. आणि शक्य तेवढी जुनी वर्षं घ्या, पाचशे दिवसांत २००८ पण नाही आणि २०२० पण नाही.

शॉर्टफॉलने फरक पडतो, आणि ऑप्शन विकणाऱ्याला तर खूपच पडतो. व्हार फक्त उंबरठा सांगतो, उंबरठ्याच्या पलीकडे खड्डा किती खोल ते सांगत नाही. ईएस (एक्सपेक्टेड शॉर्टफॉल) म्हणजे उंबरठा ओलांडलेल्या दिवसांच्या नुकसानीची सरासरी. नॉर्मल कर्व्हवर ९९ टक्क्यांचा ईएस व्हारच्या फक्त १५ टक्के वर असतो. वर लंडनच्या दादांनी सांगितलेला घातांक ३ धरला तर तोच दीडपट होतो. आणि खोल पुट विकलेला असेल तर दीडपटीवरही थांबत नाही, कारण निफ्टी स्ट्राइकच्या खाली गेला की तिथून पुढे पॉइंटाला पॉइंट नुकसान.

अजून एक विचित्र गोष्ट, अशी पोझिशन बनवता येते की जिचा ९९ टक्क्यांचा व्हार शून्यच्या आसपास दिसतो, किंवा फायदाच दिसतो. इतका लांबचा पुट विका की तो शंभरातल्या एकापेक्षा कमी वेळा आत येईल. व्हार म्हणेल धोका नाही. तुमची स्ट्रँगल बऱ्याचदा नेमकी अशीच असते दादा, म्हणून व्हार तुम्हाला छान वाटतो. बँकांचे आंतरराष्ट्रीय नियम ठरवणाऱ्या बाझल समितीने बँकांच्या ट्रेडिंग बुकसाठी ९९ टक्क्यांचा व्हार सोडून ९७.५ टक्क्यांचा ईएस घेतला त्यामागे पलीकडचं न दिसणं हेच मोठं कारण होतं.

व्हार फेकू नका मात्र. तो तपासता येतो हा त्याचा मोठा गुण. २५० दिवसांत ९९ टक्क्यांचा व्हार अडीच वेळा ओलांडला जायला हवा. बाझलच्या जुन्या नियमात ४ पर्यंत हिरवा, ५ ते ९ पिवळा, १० पासून लाल. तुमच्या शीटमध्ये हा एक कॉलम ठेवा आणि ओलांडलेले दिवस एकमेकांना चिकटून येतायत का ते बघा. चिकटून येत असतील तर सिग्मा उशिरा हलतोय.

---

रंकाळ्याचा_कमोडिटीवाला

मी एमसीएक्सवाला (सोनं, तेल वगैरेंचा वायदेबाजार), कोल्हापूरचा. वर सगळं निफ्टीचं चाललंय, पण "इतिहासात कधी झालं नाही" म्हणजे काय ते आम्ही २० एप्रिल २०२० ला बघितलं, ते इथे आलंच पाहिजे.

क्रूडचा एप्रिलचा कॉन्ट्रॅक्ट त्या दिवशी संपत होता. लॉकडाउनमुळे एमसीएक्सची वेळ कमी करून संध्याकाळी ५ पर्यंतच ठेवलेली. बंद झाला तेव्हा भाव ९६५ रुपये बॅरल. लोकांनी विचार केला तेल पडून पडून किती पडेल, शून्याच्या खाली तर जात नाही. आणि अमेरिकेत आपल्या रात्री डब्ल्यूटीआय (तिकडचं कच्चं तेल) गेलं उणे ३७.६३ डॉलरला. तिकडे साठवायला जागा नव्हती, डिलिव्हरी कोणालाच नको होती. इथे बाजार बंद, बाहेर पडायचा प्रश्नच नाही, आणि सेटलमेंट आली उणे २,८८४ रुपये.

हिशोब करा. एक लॉट १०० बॅरल. ९६५ ला घेऊन बसलेल्याच्या कॉन्ट्रॅक्टची पूर्ण किंमत ९६,५०० रुपये. नुकसान ९६५ अधिक २,८८४ म्हणजे ३,८४९ गुणिले १००, तीन लाख चौऱ्याऐंशी हजार नऊशे. एका लॉटला. मालाच्या पूर्ण किमतीच्या जवळपास चौपट, मार्जिनचं तर विचारूच नका. ज्यांनी पूर्ण किमतीएवढे पैसे बाजूला ठेवून "आपण लिव्हरेज (थोड्या पैशावर मोठी पोझिशन) घेतलेलं नाही" म्हणून निवांत होते त्यांचंही हेच झालं.

यात हिस्टॉरिकल सिम्युलेशन काय करणार? मागच्या एकाही दिवशी भाव उणे नव्हता. लॉग रिटर्नवाले मॉडेल तर उणे भावाला आकडाच देत नाही. आमच्याकडे २००५ चा पूर बघितलेले लोक २०१९ ला म्हणत होते की पाणी तेव्हा आलं होतं त्या खुणेपर्यंतच येईल, आणि पंचगंगा ती खूण ओलांडून वर गेली. इतिहासातला सगळ्यात वाईट आकडा हा फक्त आजवरचा सगळ्यात वाईट आकडा असतो.

---

सांगलीकर_सीए

क्रूडचं हे एवढं डिटेलमध्ये माहीत नव्हतं, धन्यवाद. पण मग मला सांगा, थेम्सकाठी म्हणतायत मोजमापात पाच पटींची चूक, कमोडिटीवाले म्हणतायत इतिहास पुरत नाही, मग मोजून उपयोग काय? मी खवचटपणे नाही विचारत, खरंच विचारतोय.

---

थेम्सकाठी

उपयोग आहे, पण कशासाठी ते ठरवावं लागतं. पोझिशन आजच्या मानाने कालपेक्षा जड झाली का, बाजार तापला म्हणून लॉट कमी करायचे का, दोन स्ट्रॅटेजींमधली कुठली जास्त धोक्याची, याला सिग्मा, व्हार, ईएस हे सगळं उत्तम चालतं. "माझं जास्तीत जास्त किती जाईल" याला यातलं एकही चालत नाही. तिथे शक्यता मोजायचा नाद सोडायचा आणि नुकसान पोझिशनच्या रचनेतच बांधून घ्यायचं, हे माझं ठाम मत आहे.

आणि एक लक्षात घ्या, हे मोजमाप बाजाराच्या बाहेर उभं राहून होत नाही. ताईंनी वर जो सिग्मा १.७५ वरून ३.५ वर नेला, तसाच सिग्मा सगळ्या क्लिअरिंग हाउसमध्ये (सौदे पुरे होण्याची हमी घेणाऱ्या संस्था) आणि सगळ्या बँकांमध्ये त्याच आठवड्यात वाढतो. मार्जिन वाढतं, ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याची पोझिशन कापली जाते, त्या विक्रीने भाव अजून पडतो, सिग्मा अजून वाढतो. मार्च २०२० मध्ये परदेशी फंडांनी आपल्या शेअरमधून ६० हजार कोटींच्या वर रक्कम काढली, त्यांनाही त्यांच्या देशात हेच मार्जिनचं आणि रिडेम्प्शनचं (गुंतवणूकदार पैसे परत मागतात त्याचं) दडपण होतं. म्हणून पडझडीत सोनं, बाँड, चांगले शेअर, वाईट शेअर सगळं एकदम विकलं जातं, आणि शांत काळात काढलेलं कोरिलेशन (कोण कोणाबरोबर किती हलतं) त्याच दिवशी दगा देतं.

---

गोदाकाठचा_ट्रेडर

"रचनेतच बांधून घ्यायचं" म्हणजे लांबचा पुट आणि कॉल विकत घेऊन ठेवायचे, आयर्न कॉन्डॉर, हेच ना? ते माहीत होतं पण प्रीमियम खाऊन टाकतं म्हणून सगळे टाळतात. आकड्यात कोणी मांडून दाखवेल का?

---

मार्केट_रिस्कवाली

मांडते. आकडे उदाहरणासाठी गोल घेतलेत. निफ्टी २५,००० ला, तुम्ही ४ टक्के खालचा २४,००० चा पुट २० पॉइंटला विकलात. आता २३ मार्चसारखा १३ टक्क्यांचा दिवस आणा: निफ्टी २१,७५०. पुटची नुसती आतली किंमत २,२५०, तुमचं नुकसान २,२३०. म्हणजे १११ आठवड्यांचा प्रीमियम, दोन वर्षांची कमाई, एका दिवसात. आणि हे एक्सपायरीच्या दिवशी झालं असं धरून, आठवडा बाकी असेल तर व्हिक्स उसळल्यामुळे पुट याहून महाग होणार. मार्च २०२० च्या शेवटी इंडिया व्हिक्स ८० च्या वर गेला होता.

आता त्याच्याच खाली २३,५०० चा पुट ८ पॉइंटला घ्या. हातात २० ऐवजी १२ राहतात, हो, ४० टक्के प्रीमियम गेला. पण नुकसान कितीही पडझड झाली तरी ४८८ च्या वर जात नाही, म्हणजे ४०-४१ आठवड्यांचा प्रीमियम. १३ टक्के पडो, २० पडो, सर्किट लागो, तुम्ही झोपलेले असा, तोच आकडा. घातांक २.२ आहे का ३.८ हा वाद या पोझिशनला लागूच होत नाही.

आणि प्रीमियम खातं म्हणताय, तर जो ८ पॉइंट जातोय तो शेपटीचाच भाव आहे. तो दिला नाही तर शेपटी तुमच्या पोझिशनमध्ये असतेच, फक्त तिचं बिल आलेलं नसतं. सेबीनेसुद्धा २० नोव्हेंबर २०२४ पासून एक्सपायरीच्या दिवशी विकलेल्या इंडेक्स ऑप्शनवर २ टक्के जादा मार्जिन लावलंय ते टेल रिस्कचंच कारण देऊन. आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांचाच अहवाल आला होता की तीन वर्षांत एफ अँड ओ मधल्या ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडरांना तोटा झाला, एकूण १.८ लाख कोटींच्या वर.

रोज सकाळी बघायचे आकडे विचारले होतेत, तर माझ्या मते हे: आजचा ईडब्ल्यूएमए सिग्मा आणि व्हिक्सवरून निघणारा सिग्मा, दोन्हीतला मोठा धरा. त्यावर ९७.५ चा ईएस. आणि स्वतंत्रपणे, शक्यतेचा विचार न करता, निफ्टी १३ टक्के खाली आणि १७ टक्के वर गेला तर खात्यात काय उरेल. हा तिसरा आकडा उणे येत असेल तर पहिले दोन कितीही चांगले असोत, लॉट कमी करायचे. १३ आणि १७ मी मुद्दाम घेतले, दोन्ही घडून गेलेले आहेत त्यामुळे "असं होत नाही" म्हणायला जागा राहत नाही.

---

बदला_ते_बोल्ट

तिसऱ्या आकड्यात एक भर घालतो. त्या दिवशी ब्रोकर मार्जिन वाढवून मागेल ते पण धरा, आणि गहाण ठेवलेले शेअर पण १३ टक्के पडलेले असतील ते धरा. बऱ्याच जणांनी मार्जिनसाठी शेअरच प्लेज केलेले असतात, म्हणजे इकडे पुट जळतोय आणि तिकडे तारणही आटतंय, एकाच वेळी. थोडी रोख किंवा लिक्विड फंड वेगळा ठेवा.

आणि तारखा ठाऊक असलेल्या दिवसांना, म्हणजे निकाल, बजेट, आरबीआय पॉलिसी, उघडी पोझिशन ठेवू नका. ४ जून २०२४ ची तारीख सगळ्या देशाला महिनाभर आधी माहीत होती.

---

गोदाकाठचा_ट्रेडर

प्लेज केलेल्या शेअरचं खरंच लक्षात आलं नव्हतं, माझं निम्मं मार्जिन त्यातूनच आहे. शीट नवीन बनवतोय, १९९५ च्या शेवटापासूनचा डेटा आणि ताईंनी सांगितलेला भागाकाराचा कॉलम घेऊन. @थेम्सकाठी, हिल करताना वरची आणि खालची बाजू वेगळी करायची ना?

---

थेम्सकाठी

हो, वेगळीच करा. आणि ५० वर अडून राहू नका, ३० पासून १५० पर्यंत प्रत्येक संख्येला घातांक काढून ग्राफ मारा. जिथे रेषा थोडी सपाट होते तो भाग घ्यायचा. सपाट झालीच नाही तर एकच आकडा सांगू नका, पूर्ण पट्टा लिहा. शीट झाली की इथे टाका, मी माझ्याकडच्या डेटावर ताडून बघतो.